दोनशे सत्तेचाळीसमधला सात

चूक जावयाची होती, यात वाद नाही. गुरुवारी दुपारी तो चार दिवस राहायला सासुरवाडीला आला. चहा येईपर्यंत गप्प बसवेना म्हणून खिडकीजवळच्या टेबलापाशी गेला, तर तिथे वर्तमानपत्रावर वीतभर लांबीचा रणगाडा ठेवलेला. रणगाड्यावर धूळ, शेजारी फडकं. जावई स्वच्छतेचा भोक्ता. त्याने फडकं उचललं आणि रणगाडा मनापासून पुसला. फडकं थिनरमध्ये भिजलेलं होतं आणि धूळ ही धूळ नव्हती. त्याच्या सासऱ्यांनी, म्हणजे पेंटरांनी, सहा दिवस खपून, तपकिरीत राखाडी आणि राखाडीत पिवळा मिसळून, जवळजवळ कोरड्या ब्रशने थरावर थर चढवत ती रंगवली होती. धुळीबरोबर वरचा इंग्रजी आकड्यांतला पांढरा नंबर, दोनशे सत्तेचाळीस, तोही गेला. (हा जावई म्हणजे हे लिहिणारा इसमच. पण ‘मी’ म्हणायला तोंड उरलेलं नसल्यामुळे इथून पुढे त्याला जावईच म्हणू.)

पेंटर हात पुसत बाहेर आले. जावई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, “मामा, किती धूळ बसू दिलीत हो यावर.”

एरवी पेंटरांच्या तोंडाचा पट्टा प्रसिद्ध. शिडीवर उभं राहून त्यांनी भल्याभल्या दुकानदारांना खाली बघायला लावलं होतं. पण जावई तो जावई. पेंटरांनी रणगाड्याकडे पाहिलं, जावयाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाले, “बरं केलंत, जावईबापू. चहा घ्या.”

आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. नवऱ्याने कुणाला ‘बरं केलंत’ म्हटलं की काहीतरी मोठं मोडलेलं असतं, हे पेंटरीणबाई लग्नापासून जाणून होत्या.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. उस्तादाने पहिलं वर्षभर त्यांच्याकडून फक्त उभी रेघ काढून घेतली. दुसऱ्या वर्षी आडवी. रेघ हलली की बोटांवर पट्टी. तिसऱ्या वर्षी अक्षराला हात लावू दिला, तोवर पेंटरांचा हात असा बसला होता की दोरी न लावता भिंतभर ओळ सरळ जाई. गावातले दवाखाने, सायकलची दुकानं, ट्रकांचे दरवाजे, ‘येथे गाडी लावू नये’ हे सगळं एका हातचं. मग छापील फलक आले आणि चार दिवसांचं काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. बाजारात आता त्यांच्या दोनच पाट्या उरल्या आहेत. भाजी आणायला जाताना पेंटर वाट वाकडी करून त्यांच्यावरून जातात आणि रंग कुठे सुटलाय का ते बघून येतात. बायको म्हणते, दोन मुली दिल्या तिथे इतक्या वेळा गेला नाहीत.

रणगाडा वरच्या मजल्यावरच्या फौजींचा. त्यांनी तारुण्यात खराखुरा रणगाडा चालवला होता. आता गुडघे गेले होते, ऑपरेशनची तारीख ते दर महिन्याला पुढे ढकलत होते आणि दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला चुका सांगत होते. त्यांच्या लेकीने कंटाळा जावा म्हणून सुटे तुकडे जुळवून रणगाडा करायचं हे खोकं पाठवलं. पाचशेच्या वर तुकडे, सगळे प्लॅस्टिकच्या जाळ्यांत अडकलेले. फौजींची बोटं जाड, चष्मा जुना. दुसऱ्याच दिवशी खोकं काखेत मारून ते एकेक पायरी उतरत खाली आले. म्हणाले, “पेंटर, तुम्हाला काम नाही, मला डोळे नाहीत. बसू या.”

अडीच महिने बसले. तुकडे नेलकटरने कापायचे, कानशीने घासायचे, काडीच्या टोकाने सरस लावायचा. चाकांवरच्या पट्ट्याला एका बाजूला नव्वद कड्या, त्यातली एक कपाटाखाली गेली ती गेलीच. कपाट हलवलं, पेंटरीणबाईंचं हरवलेलं अंगुस्तान सापडलं, कडी नाही. शेवटी पेंटरांनी पट्टा ओढून बसवला आणि फट पडली तिथे चिखलाचा जाड लपका रंगवला. वर तोफेची जी फिरणारी टोपी असते तिला फौजी टरेट म्हणत, पेंटर टोपीच म्हणत. त्यावरून रोज एकदा खटका उडे. पण फौजींना गाडी तोंडपाठ. ड्रायव्हरच्या झडपेजवळ हिरवा रंग घासून लोखंड चमकलं पाहिजे, कारण तिथे बूट पडतो. धुराच्या नळीमागे काळं, पण डावीकडेच. मागे बादली, आणि बादलीला पोचा. पेंटरांनी पोचासुद्धा पाडला.

हे सगळं कशासाठी, तर येत्या रविवारसाठी. फौजींच्या गाडीवर तोफ चालवणारा जोडीदार एकोणचाळीस वर्षांनी भेटायला येणार होता. रणगाड्यात मावणार नाही इतका तो उंच, म्हणून पलटणीत त्याला सगळे उंट म्हणत. फौजींना त्याच्यापुढे त्यांची जुनी गाडी ठेवायची होती. ‘हीच ती’ असं उंटाने म्हणावं, एवढीच इच्छा. त्याला यायला सकाळची एसटी होती आणि परतायला पाचची.

आणि आता गाडीला नंबर नव्हता.

फौजी खाली आले, त्यांना झाला प्रकार सांगितला. जावयाने दाराआड उभं राहून ऐकलं. पेंटर म्हणत होते की दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता काढून देतो, होता तसाच्या तसा. फौजींनी टोपीवरच्या पांढुरक्या डागावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, “होता तसा नको.”

पेंटरांनी ब्रश खाली ठेवला.

“तुमचा नंबर फार चांगला होता, पेंटर. डॉक्टरच्या पाटीवर शोभला असता. मी भिडेपोटी बोललो नाही. आमचा वाकडा होता. चारचा पाय खाली लोंबत होता, आणि सात असा, दारू पिऊन चारच्या खांद्यावर रेलल्यासारखा. उंटाने काढला होता. अक्षर भिकार त्याचं.”

वाकडा तर वाकडा, म्हणून पेंटर बसले. टोपीवरची जागा करंगळीच्या नखाएवढी. त्यांनी चारचा पाय लांब केला, सात कलता केला, फुंकर मारून फौजींपुढे धरला. फौजींनी मान हलवली. सात कलला होता खरा, पण तोल सांभाळून. पेंटरांनी पुसला. डाव्या हाताने काढला, डावा हातही शहाणा निघाला. डोळे मिटून काढला, तर दोन टोपीवर आणि चार टेबलावर. ब्रश शेपटाला धरून काढला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत खालच्या हिरव्याला धक्का न लावता नंबर नऊ वेळा पुसून झाला, म्हणजे जावयाने एकदा केलेला गुन्हा सासऱ्याने नऊदा केला. हा हिशेब जावयाने मनातच ठेवला.

दहाव्याला फौजी म्हणाले, “हा वाकडा नाही. हे वाकड्याचं सोंग आहे.”

पेंटरांना हे लागलं. आयुष्यभर लोकांनी सांगितलेलं काढलं होतं, उलटं लिहिलेलं काचेमागून काढलं होतं, आणि आता करंगळीएवढा सात येईना. हातच ऐकेना. चुकायची वेळ आली की तो आपोआप सावरून घेई, जणू उस्ताद अजून पट्टी घेऊन मागे उभा होता.

शनिवारी दुपारी पेंटरांनी धंद्याची रीत काढली. कुठलंही जुनं काम पुन्हा करायचं तर ते तीन गोष्टी विचारत. ब्रश कुठला, रंग कुठला, माणूस कुठे बसला होता. फौजींनी सांगितलं: ब्रश म्हणजे दाढीच्या ब्रशाचे केस काडीला बांधलेले. रंग दगडांना लावायचा पांढरा. उंट पुढच्या बाजूला गाडीवरच बसला होता, एक पाय खाली सोडून.

“आणि गाडी?”

“गाडी काय? उभी होती.”

“बंद?”

फौजी बादलीचा पोचा निरखायला लागले. आतल्या खोलीच्या दारातच पेंटरीणबाईंचं मशीन, त्या कुणाच्या तरी जीन्सची तळपट्टी मारत होत्या. त्यांनी पाय थांबवला आणि तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या, “भाऊजी, ते विचारताहेत गाडी बंद होती का.”

“चालू होती,” फौजी म्हणाले.

“नंबर काढताना चालू कशाला?”

पेंटरांनी विचारलं असतं तर फौजींनी उडवून लावलं असतं. पण वहिनींसमोर ते नेहमीच थोडं नमतं घेत. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी तपासणी होती. गाडीची बॅटरी मेलेली, आणि सकाळीच साहेबांना फौजींनी ठणकावून सांगितलेलं की बॅटरी उत्तम आहे. एकदा इंजिन बंद केलं असतं तर पुन्हा लागलं नसतं आणि सगळ्यांदेखत खोटं उघडं पडलं असतं. म्हणून उंटाला म्हणाले, असाच काढ. गाडी दात वाजवत उभी, त्यावर बसून त्याने नंबर काढला. साहेबांनी तो पाहिला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. उंट म्हणाला, मी. अक्षराबद्दल त्याला दोन रात्री जादा पहारा लागला. फौजी शेजारीच उभे होते. त्यांनी ब्र काढला नाही. आणि पुढे एकोणचाळीस वर्षं, जिथे चार माणसं जमतील तिथे, उंटाच्या भिकार अक्षराचा किस्सा रंगवून सांगितला.

दारापलीकडे जावई ऐकत होता, पण त्याच्या मताला त्या आठवड्यात किंमत नव्हती.

पेंटरीणबाईंनी मशीनच्या पाटावरची कात्री, खडू, रिळं बाजूला केली. म्हणाल्या, “आणा तो इकडे.”

पेंटरांच्या लक्षात आलं. त्यांनी रणगाडा मशीनच्या पाटावर ठेवला, पुढे वाकले, ब्रश टोपीजवळ नेला. बाईंनी जीन्सची जाड घडी सुईखाली सरकवली आणि पाय मारायला सुरुवात केली. पाट थरथरला, रणगाडा थरथरला, मागची बादली किणकिणली. पेंटरांनी दोन काढला. सुरेख आला. चालत्या ट्रकवरसुद्धा सरळ रेघ मारणारा हात. चार टाके गेले तोच त्याला ताल सापडला आणि तो तालावर सावरायला लागला.

“अगं, एका लयीत नको.”

“मला शिकवू नका,” बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी मशीन असं चालवलं, जसा इतकी वर्षं संसार चालवला होता. कधी सुसाट, कधी रांगत, आणि पेंटरांना अंदाज आला असं वाटलं की हमखास थांबून पुन्हा सुरू. हात कुठल्याच तालाला लागेना. चारचा पाय सटकून खाली आला. सात काढताना गाडी जागची सरकली आणि त्याची दांडी चारवर जाऊन पडली. पेंटरांना कपाळावरचा घाम पुसायचीही सोय नव्हती. त्यांनी ब्रश उचलला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातचं बिघडलेलं काम न पुसता तसंच ठेवलं.

फौजींनी रणगाडा खिडकीत नेला. पाठमोरे उभे राहिले. मागे न वळताच म्हणाले, “हाच.”

जीन्सची तळपट्टी अर्थात नागमोडी झाली होती. ती उसवून देतो असं पेंटर लगेच म्हणाले, आणि लगेच विसरले. बाईंनी संध्याकाळी स्वतःच उसवली, मोठमोठ्याने उसासे टाकत.

रविवारी सकाळी पेंटरांनी नवी धूळ चढवली, सहा दिवसांची दोन तासांत. जावयाला टेबलापासून चार हात लांब बसवलं होतं. उंट दहाला आले. दारात वाकूनच शिरले, वाकायची सवय तेव्हापासूनची असावी. चहा झाला, कोण कुठे आहे, कोण आता नाही ते झालं. मग फौजींनी टेबलावरचा रुमाल काढला.

उंटांनी दुसरा चष्मा लावला. रणगाड्याभोवती सावकाश फिरले. पट्ट्याशी थांबून म्हणाले, “इथे एवढा चिखल का?” पेंटर खिडकीबाहेर बघायला लागले. बादलीचा पोचा बघून उंट हसले. मग टोपीशी आले आणि तिथेच राहिले. एक बोट नंबरपर्यंत नेलं, टेकवलं नाही.

“इंजिन चालू असतानाचा आहे हा,” ते पेंटरांना म्हणाले. “तुम्हाला कसं जमलं?”

पेंटरांनी बायकोकडे बोट दाखवलं.

फौजींनी खुर्ची पुढे ओढली. “त्या दिवशी बॅटरी…”

“मेली होती. मला माहीत होतं. सकाळी तिची टोकं माझ्याकडूनच घासून घेतलीस की.”

“मग साहेबांना सांगितलं का नाहीस?”

“तुला गाडीवरून उतरवलं असतं. मग तो घोरणारा ड्रायव्हर माझ्या नशिबी आला असता.”

फौजी गुडघ्यावर हात चोळत राहिले. ‘चुकलं’ हा शब्द पेंटरांना त्यांच्या ओठांपर्यंत आलेला दिसत होता. तो तिथेच थांबला. उंटांनी वाट पाहिली, मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“पहाऱ्याच्या दोन रात्री येणं आहेत तुझ्याकडे,” ते म्हणाले. “थंडीतल्या.”

“फेडतो की. आज थांब, आजच उभा राहतो तुझ्या दाराशी.”

“आज नको, पाचची गाडी आहे.”

रणगाडा घेऊन जा, असं फौजींनी दोनदा म्हटलं. उंट म्हणाले की घरी जावई आहे, सारखं काहीतरी पुसत असतो. यावर पेंटर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. जावयालाही हसावं लागलं.

पावणेपाचला पेंटर आणि फौजी नाक्यापर्यंत गेले. गाडी सुटली, उंटांनी खिडकीतून हात केला. परतताना फौजी तीनदा गुडघ्यासाठी थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, “पेंटर, या गुडघ्यांवर रात्रभर उभं राहता येईल का हो?”

“ऑपरेशन करा, मग येईल.”

“करतो,” फौजी म्हणाले. “थंडीच्या आत करतो.”

तारीख त्यांनी पुढच्या महिन्याची घेतली आहे. मागच्या महिन्यातही पुढच्याच महिन्याची होती.