चाळीतल्या जुलाबांचा शोध

तुम्ही कधी सकाळी सकाळी कुणाचं दार वाजवून "घरात कुणाला जुलाब होतायत का हो?" असं विचारलंय? मी काही वर्षं रोज विचारत होते. पगारच त्याचा होता. अशा कामातले किस्से साठत जातात, पण सांगायची पंचाईत. आमच्या इंदूरमध्ये ऐकणारा एक तर खात असतो, नाहीतर खायला निघालेला असतो!

आमच्या ह्यांची मिल बंद पडली, तेव्हा मी मॅट्रिकच्या जोरावर तुकोगंजमधल्या एका लॅबमध्ये लागले. तिथे रेगे मॅडम लहान मुलांच्या जुलाबांच्या विषाणूवर रिसर्च करत होत्या. एका लेकराकडून तो दुसऱ्याकडे पोचतो कसा, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी आजारी मुलांच्या शौचाचे नमुने लागायचे, तसेच घरातल्या धडधाकट माणसांचेही. कारण मोठ्यांना काही त्रास न होताही विषाणू पोटात असू शकतो.

आजारी मुलांचे मिळायचे. धडधाकट माणूस मात्र "मेरे को क्या हुआ है?" म्हणून दार लावून घ्यायचा. थंडी सरली की साथ सरणार आणि मॅडमचं काम अर्धवट राहणार, हे आम्हाला दिसत होतं.

*

मिलच्या चाळीत सुमनवहिनी राहायच्या. त्यांच्या बाळासाठी मी झाकणाची डबी देऊन आले. पुन्हा गेले तोवर बाळ बरं झालेलं. वहिनींनी डबी परत दिली, ती मी तशीच लॅबमध्ये आणली. आमचे शिपाई शर्माजी, त्यांनी उघडली तर आत शेव!

वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो ताई, कुणाची डबी रिकामी कशी परत करायची? बरं दिसतं का?"

मी परत येईपर्यंत शर्माजींनी शेव संपवली होती. "लौंगवाली थी," म्हणाले. "बढ़िया थी."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून शर्माजींचाही नमुना घ्यायला सुरुवात केली.

*

नमुने बर्फाच्या पेटीत घालून सवाऱ्यांच्या टेम्पोनं आणायचे. एकदा टेम्पो खचाखच भरलेला, मी पेटी सांभाळत उभी. एका भल्या माणसानं पेटी आपल्या मांडीवर घेतली आणि तिच्यावरच कचोरीचा कागद उघडला.

निम्मी कचोरी संपल्यावर त्यानं विचारलं, "बेनजी, इसमें है क्या?"

खोटं बोलायची मला सवय नाही. तुकोगंजपर्यंत अख्खी सीट माझी!

*

विषाणू हातांवरून कसा फिरतो, हे चाळीतल्या बायकांना पटेना. मग मॅडमनी सुमनवहिनींच्या सासूबाईंच्या तळहातांना गुलाल चोळला. म्हणाल्या, "आज्जी, हात न धुता रोजची कामं करा. मग बघू."

दुपारपर्यंत गुलाल नातवाच्या गालावर, नळाच्या तोटीवर, शेजारणीच्या माठावर. आजारातून उठलेल्या लेकराला भेटायला येणारी प्रत्येक बाई त्याला मांडीवर घ्यायचीच, त्यामुळे घराघरातल्या साड्यांवरसुद्धा. बायका आपापले तळहात उलटसुलट करून बघायला लागल्या.

तेवढ्यात मिलच्या बंद गेटापाशी बसलेले पुरुष धावत आले. कुणाचं तरी लाल गालांचं पोर खेळत तिकडे गेलं होतं.

"गुलाल किसने उड़ाया? मिल चालू हो गई क्या?"

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

*

सगळ्यांत पुढे धावत आलेले भंवरलालजी. मिलच्या युनियनचे पुढारी. त्यांना राग आवरेना. मॅडमनी त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर आप चुन-चुनके घर क्यों जाती हो? मिल में भी पहले चुन-चुनके नाम निकाले थे. फिर सबको निकाला."

मॅडम काही बोलणार, तोवर ते गेटाकडे निघाले. तिथे मीटिंग भरली. शौचाच्या नमुन्यांवर भाषणं झाली, घोषणा झाल्या. आम्ही दोघी लांब उभ्या. मॅडमचा चेहरा उतरलेला. चाळ हातची गेली, असं मलाही वाटलं.

संध्याकाळी भंवरलालजी चार माणसं घेऊन आले. "मैडम, मजदूरों की एक ही माँग है. लोगे तो सबका लोगे. छोटा-बड़ा, बीमार-तंदुरुस्त, सबका. नहीं तो किसी का नहीं!"

मॅडम म्हणाल्या, "मंज़ूर."

इतक्या वर्षांत भंवरलालजींची कुठलीच मागणी अशी चटकन मान्य झाली नसावी. ते बरोबरच्या माणसाला हळूच म्हणाले, "भिया, इसमें कुछ गड़बड़ है."

सकाळी खरंच कुणी डबी घेईल का, या काळजीतच मॅडम रात्री घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाळीत पोचलो तेव्हा सगळे रांगेत उभे होते, आणि सर्वांत पुढे अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घातलेले भंवरलालजी होते.