छपरावरचा कोहळा

सेक्टर ६ च्या आमच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमागच्या आंगणात बड्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या सांडग्यांचा, धंदा सुरू झाला, त्याचं सारं श्रेय लोक मलेच देतात. तसं कोणी म्हटलं का माझं डोकंच फिरते. अहो, मले कुठं येत होत्या कोहळ्याच्या बड्या? शिकवल्या तिनं. बोरसीच्या पल्याडच्या खेड्यातली बाई, माझ्याच वयाची, टोपल्यात कोहळे घेऊन सेक्टरात विकाले यायची.

तिचं घर खापरांचं. पावसाळ्यात वेल छपरावर चढवायची अन् कोहळे तिथंच पिकू द्यायची, वरून राखेसारखी पांढरी भुकटी येईपर्यंत. एकदा मी घाईनं कोवळाच किसून उडदाच्या डाळीत कालवला, तर माझ्यावर अशी खेकसली, जशी काही माझी सासूच!

तिचं मागणं एकच होतं. धान कापलं का तिचं सारं घर परराज्यात वीटभट्टीवर जायचं अन् पोरीची शाळा अर्ध्यात सुटायची. "दीदी, एक साल तरी भट्टीवर जायचं काम पडू नये," असं आपल्या छत्तीसगढीत म्हणायची.

बड्या चालल्या, अन् कशा चालल्या! प्लांटवाल्यांच्या बायका आगाऊ सांगून ठेवायच्या. तिच्या गावातल्या आणखी बायका जुळल्या. रिटायर झाल्यावर यांनी सुपेल्याच्या बाजारात बड्यांचं दुकान टाकलं. ती दोन हिवाळे भट्टीवर गेलीच नाही. पोरगी पुढच्या वर्गात गेली, तवा ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीपण रडली.

हाती पैसा आला तशी तिनं पहिली हौस कोणती केली? खापरं उतरवली अन् टिनाचं छत घातलं. तिचं पाहून बाकीच्यांनीही घातलं. कावून नाही घालावं? दरसाल माकडं नाचून खापरं फोडायची, रातभर पाणी गळायचं. तिनं मोठ्या कौतुकानं मले पाहाले बोलावलं. मी नारळ फोडून आली.

त्या साली वेल टिनावर चढला अन् तापल्या पत्र्यानं करपून गेला. तिनं आंगणात मांडव घालून पाहिला, तो गावातल्या ढोरांनी खाल्ला. बाकीच्यांचीही तीच गत. इकडं दुकान काही थांबत नाही न! यांनी मंडीतून कोहळे आणले. मग लेकानं मशीन आणली, अन् बायकांच्या हातचं कामही सुटलं. आता आमच्या बड्या बारा महिने मिळतात, एकसारख्या, गोऱ्यापान. घरात एसी आला, दारात कार आली. कोणाले काय बोलू? अजूनही जीव जळते.

मागच्या हिवाळ्यात ती दुकानात आली. संगं पोरगी, दोघींच्या डोक्यावर गाठोडी. मले वाटलं, भेटाले आली. तिनं बड्यांचं पाकीट मागतलं.

"भट्टीवर चाललो दीदी. तिथं भाजी भेटत नाही."

पैसे नको म्हटलं, तर ऐकेल तर शपथ! पाकिटावरूनच तिनं एक बडी बोटानं दाबून पाहिली.

"कोणाच्या छपरावरचा कोहळा आहे?"

"मंडीतला आहे वं," मी म्हटलं.

तिनं पाकीट गाठोड्यात खोसलं अन् दोघी स्टेशनच्या ऑटोत बसल्या. पोरीच्या अंगात शाळेचाच स्वेटर होता.