तापलेली बॅटरी

निर्मळ गावच्या एका वाडीवाल्याकडे मी दर रविवारी केळी आणायला जातो. त्याचं नाव अजून मला माहीत नाही. बाजारात फुलं पोचवून विजेच्या स्कूटरवरून परतला की तो आधी बॅटरी काढतो, माडाच्या सावलीत बाकड्यावर ठेवतो आणि मगच स्वतः पाणी पितो. चार्जिंगला मात्र लगेच लावत नाही. "दमून आलीय. जरा श्वास घेऊ दे तिला." मला हसू यायचं.

यंदा त्याने नवी बॅटरी घेतली. मी तिच्याबद्दल वाचूनच गेलो होतो. म्हटलं, "अहो, ही गरम असताना चार्जिंगला लावली तरी चालते. चहा होईपर्यंत निम्मी भरेल. कशाला थांबता?"

"भरेल ना. पण भरते म्हणून लगेच जुंपायची?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातून साहेब होते. भर उन्हात उभा राहून मी "हो सर, आत्ता पाठवतो सर" करत राहिलो. फोन ठेवून वळलो, तर त्याने बॅटरी बाजूला सरकवून बाकड्यावर जागा केली होती.

"बसा जरा," तो म्हणाला. "केळी कुठे पळून जात नाहीत."