चुकेल ती आमची

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली ब्रेकमास्तर म्हणते. गाडी चालवायला शिकवतात. तसल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून ह्यांच्या पायाला अशी खोड लागलीये की घरातही तो स्वस्थ बसत नाही. मी गरम पातेलं जरा घाईने आणलं तरी ह्यांचा पाय फरशीत रुततो.

अशा माणसाला वेड कशाचं असावं? तर हिवाळी खेळांच्या उद्घाटन सोहळ्याचं! जागतिक, बरं का. बर्फ स्वारीने फक्त आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाहिलाय, आणि तो खरवडून काढायचं कामही माझंच. खेळांशी ह्यांना सोयरसुतक नाही. दुसऱ्या दिवसापासून कोण घसरलं, कोणाला पदक मिळालं, काही विचारू नका. पण सगळ्या देशांची पथकं झेंडे घेऊन मैदानात येतात ना, तेवढ्यासाठी त्या दिवशीचे क्लास बंद. शिकणाऱ्यांना सांगायचं, गाडी गॅरेजला दिलीये. गाडी दारात उभी, येणाऱ्या-जाणाऱ्याला ढळढळीत दिसते.

मग सोफ्यावर बसून जगाला लायसन्स वाटतात. "अंतर ठेवा रे, पुढच्याच्या अंगावर काय जाताय? नापास!" "हा झेंडेवाला बघ, एका हाताने फोटो काढतोय. नापास!" भाषणं सुरू झाली की म्हणतात, "ह्याला ब्रेकच दिलेला नाही देवाने." मात्र एखाद्या उन्हाळी देशाचा एकुलता एक खेळाडू आणि मागे पाच-सहा कोटवाले साहेब आले की ह्यांना भरून येतं. "पोरगं एकटं राबतंय आणि मागे फुकट्यांची रांग! पण चाल बघ त्याची. पास!"

नाच तेवढा ह्यांना बघवत नाही. नाच लागला की उठून आंघोळीला. "पथकं आली की हाक मार."

आणि या वेळी घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. त्या नाचात आमची पोरगी होती.

एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी तिने, यंदा खेळ होते त्याच थंड देशात, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी धरली आणि बापाला सांगितलं कधी, तर तिकीट काढल्यावर. हे म्हणाले, "एवढी मोठी झालीस ना, मग फोनही करू नकोस." तीही ह्यांचीच मुलगी! तिने केला नाही, ह्यांनी केला नाही. मी गच्चीवर जाऊन तिच्याशी बोलते. दर वेळी शेवटी ती विचारते, "बाबा बरे आहेत ना?" मी म्हणते, "खातात, पितात, खेकसतात. त्यांना काय धाड भरलीये?" दोघांच्या हट्टात मी भरडून निघते, त्याचं कोणाला काही आहे का?

सोहळ्याच्या आठवडाभर आधी म्हणाली, "आई, नाचासाठी गावातली साधी माणसं घेतलीयेत. मीपण आहे. बर्फाचा कण झालेय. बाबांना सांगू नकोस, टीव्ही बंद करतील. फक्त त्या वेळी त्यांना समोर बसव. तेवढंही नाही बघितलं, तर मग मी आशा सोडते." आणि रडायला लागली. मी म्हटलं, बसवते. म्हणायला माझं काय जातंय?

झालं. टीव्हीवर दिवे मंद झाले, पांढऱ्या कपड्यांतली शंभरएक माणसं धावत आली आणि स्वारीने टॉवेल खांद्यावर टाकला. तेवढ्यात बेल वाजली. दारात ह्यांच्याकडे शिकणारी बँकेतली मॅडम, लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली. "सर, गाडी तर बाहेरच आहे!" एरवी मी तिला दारातूनच कटवलं असतं. त्या दिवशी मात्र हात धरून आत ओढली आणि सोफ्यावर बसवली. पाहुणी समोर असताना हे टॉवेल घेऊन जातात कुठे? बसले निमूट.

मी डोळे फाडून बघतेय. पण सगळ्यांचे एकसारखे झगे, कपाळापर्यंत टोप्या, तोंडाला चमकी फासलेली. नऊ महिने पोटात वाढवलेली पोरगी, पण सापडेल तर शपथ! जीव नुसता कासावीस झाला.

सगळे गोल फिरले आणि एकदम डावीकडे वळले. एक सोडून. ती टेचात उजवीकडे निघाली, शेजारणीवर धाडकन आदळली आणि टोपी सावरत परत फिरली.

मॅडम खो खो हसली. "अय्या, ती वेंधळी बघा!"

"हसू नका!" हे असे ओरडले की मॅडम जागच्या जागी उडाली. "माझी मुलगी आहे ती!"

मी एक अक्षर बोलले नव्हते हो! ह्यांचा पाय फरशीत रुतलेला, दोन्ही हात हवेत स्टिअरिंग फिरवतायत. "डावं म्हटलं की उजवीकडे! लहानपणापासून! शाळेच्या कवायतीत अख्खी रांग एकीकडे आणि ही दुसरीकडे. अगं, बघत काय बसलीस? आपली पोरगी आहे ती! फोन लाव तिला!" आणि दोन वर्षं तोंड शिवून बसलेला हा दगड टॉवेलने डोळे पुसायला लागला.

"अहो, ती मैदानात नाचतेय. फोन काय टोपीत ठेवलाय?"

"मग थांबतो."

थांबले. पथकं आली आणि गेली, मॅडमही हलायला तयार नाही. एकही देश पास नाही की नापास नाही. माझा फोन मुठीत धरून पुन्हा पुन्हा लावत राहिले. एकदाचा तिने उचलला.

"आई?"

"डावीकडे वळायचं होतं," हे म्हणाले.

तिकडून अगदी बारीक आवाजात, "बाबा?"

"मग कोण? एवढ्या जगासमोर उजवीकडे गेलीस!"

"बाबा, ती मी नव्हते." ती रडत होती की हसत होती, कळेना. "ती जिच्यावर आदळली ना, ती मी. मी बरोबर वळले होते."

मॅडमने तोंडावर हात दाबला. हे आ वासून बसले. मी म्हटलं, संपलं! फजिती झाली, आता रागाने फोन ठेवणार. मी तो काढून घ्यायला हात पुढे केला, तर ह्यांनी माझा हात झटकला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"बरोबर वळलीस?"

"हो, बाबा."

ह्यांनी टॉवेल पुन्हा डोळ्यांना लावला. म्हणाले, "लागलं का गं तुला?"