ओळ संपल्यावर

रविवारी सकाळी खांदा कॉलनीतल्या त्या अरुंद जिन्यात पाऊल टाकलं, की खालच्या दुकानातल्या तळणीचा खमंग दरवळ आणि वरच्या वर्गातल्या मार्करचा उग्र वास एकमेकांत मिसळतात, आणि त्या मिश्र गंधातून प्रौढ कंठांचा इंग्रजी घोष पायरी-पायरीने खाली उतरत येतो. आम्ही सारे केस पिकू लागलेले विद्यार्थी! कुणी बँकेतले, कुणी दवाखान्यातले, मी जहाजाने माल पाठवणाऱ्या एका कचेरीतली. आम्हाला इंग्रजी येत नाही, असं मुळीच समजू नका. करारांतली पानभर लांबणारी वाक्यं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि त्यांत दडवलेली मेख नेमकी हुडकत आले आहे. पण डोळ्यांना वश झालेली भाषा कंठालाही वश होते का? तीच गोष्ट शिकायला आम्ही तो जिना चढतो.

माझी निकड जरा जास्त होती. आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि दर सोमवारी परदेशी ग्राहकांशी फोनवर बैठक चालवणं हे त्या जागेचं मुख्य काम. साहेबांनी मला एक सोमवार देऊ केला, पारखून बघायला. अडचण एवढीच, की बैठकीत माझं वाक्य संपलं रे संपलं, की मी क्षणभर थांबते, आणि त्या क्षणात माझा तरुण सहकारी केतन पाहुण्याच्या ताटातली पुरी उचलावी तसा माझा मुद्दा उचलून पुढे पळतो. मुद्दा माझा, वाहवा त्याची!

प्राची मॅडमनी यावर उपाय सांगितला. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, शिकवण्यात मात्र पक्क्या. रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचायचा, तोच पुन्हा वाचायचा, आपलाच आवाज फोनवर ऐकायचा. अर्थ श्वासात उतरेपर्यंत एकच परिच्छेद घोळवायचा, हे त्यांचं सांगणं मला मनापासून पटलं, आणि लाभलंही. पण पुढे त्या म्हणाल्या, "काकू, वाक्य संपलं की तुम्ही अडकता. तो गॅप काढून टाका. आणि ती गावाकडची चाल पण थोडी घालवू या." मी मान डोलावली खरी, पण आत कुठेतरी कळ उठली.

संध्याकाळी कोनला, आमच्या गावी, घरच्या ओटीवर मी अग्रलेख घेऊन बसले. शेजारी आत्या कोलंबी सोलत होती. माझी आत्या धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून मंगल विधींची 'धवला' गाणी गाणारी. ती एक ओळ टाकते आणि थांबते. मांडवातल्या बाया ती ओळ उचलून पुन्हा गातात. मग ती पुढची टाकते. तिचा धवला पुरा झाल्यावाचून विधी पुढे सरकत नाही, मग मुहूर्ताची घाई कुणालाही असो. लहानपणापासून मी त्या उचलणाऱ्या बायांत बसत आले आहे.

मी वाचत होते, थांबत होते, स्वतःवर चिडत होते. आत्याला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. तिने कोलंबीवरची नजरही वर केली नाही. म्हणाली, "अगो, तू अडकत नाय. तू वाट बगतंस. मांडवान कशी मी ओळ टाकतंय न् बाया उचलतान, तशी." मग जरा हसून म्हणाली, "पन तुज्या हापिसान कोन उचलनारा नाय वाटतं!"

मी वर्तमानपत्र मिटलं. मला हसू आलं आणि तितकाच संतापही आला. ज्याला मी आजवर उणीव समजत होते, ते तर आमच्या घरचं वळण! बोललेलं समोरच्यापर्यंत पोचू द्यावं, त्याला ते उचलायला उसंत द्यावी, यात कसलं आलंय मागासलेपण? अस्खलित म्हणजे उसंत न घेणारं, हे ठरवलं कुणी? उच्चार सुधारीन, शब्दसंपदा वाढवीन, अग्रलेखांची पारायणं करीन. पण परक्या भाषेच्या उंबरठ्यावर माझी चाल चपलेसारखी काढून ठेवणार नाही. नाही म्हणजे नाही!

सोमवार उजाडला, बैठक सुरू झाली. कागद पुरे झाल्याशिवाय माल बंदरातून हलणार नाही, हे नकोसं वाक्य मला पलीकडच्या ग्राहकाला सांगायचं होतं. मी ते इंग्रजीत, माझ्या चालीत, शेवटच्या शब्दाला पुरतं वजन देऊन सांगितलं, आणि थांबले. केतनने तोंड उघडलं. मी तळहात वर केला. साहेब टेबलाकडे बघत राहिले. ती शांतता मला असह्य झाली, पण मी ती सोडली नाही. मग फोनमधून त्या परक्या माणसाचा आवाज आला. संथपणे, समजून घेत, त्याने माझ्याच वाक्याचा शेवट माझ्याच शब्दांत पुन्हा म्हटला, आणि म्हणाला, ठीक आहे, कागद पाठवतो. त्याने ओळ उचलली होती! मी पुढची ओळ टाकली. उठताना साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारीही तुम्हीच घ्या."

जागेचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. या रविवारी पुन्हा तोच जिना, तोच तळणीचा आणि मार्करचा वास. माझी पाळी आली, मी वाक्य वाचलं आणि थांबले. प्राची मॅडमनी सवयीने पुढे चला अशी खूण केली. मी हसून मान हलवली आणि तिथेच उभी राहिले. माझी ओळ टाकून झाली होती. आता पाळी त्यांची होती.