साहेबाच्या डोक्यावरची पगडी

अगं, उंबऱ्यातून काय बोलतेस? ये, जवळ बस. तुझं मांजलपूर काय काशीला आहे, की नातीला सहा सहा महिने यायला फावत नाही? आणि आलीस की माझ्या जुन्या मासिकांत तोंड खुपसून फिदीफिदी हसतेस. हस बापडी. पण त्यांतल्या हास्यचित्रांपायी एकदा मला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, ते ऐक.

तेव्हा इथे महाराजांचं राज्य होतं, इथल्या मुली शाळेत जायच्या. लग्न होऊन नागरवाड्यात आले ती मी अडाणी. माहेर संस्थानाबाहेरचं, तिथे मुलींना शाळेत कोण घालतं? अक्षरं मी हास्यचित्रांखालच्या ओळींवरून जुळवली. सोपं होतं, कारण चित्रं दर महिन्याला तीच! लाटणं उगारलेली बायको, जोडे हातात घेऊन चोरपावलांनी शिरणारा नवरा, टेबलामागे ढेरपोट्या साहेब आणि पुढे काडीसारखा कारकून. खाली काय असेल ते निम्मं आधीच कळायचं. लाटण्याचं मात्र नवल वाटे. माझ्या हातातल्या लाटण्याला सासूबाईंसमोर पोळी गोल करायचीसुद्धा धास्ती!

मासिक आळीतल्या सहा घरांत मिळून एकच. प्रत्येकाकडे तीन दिवस. आमच्यानंतर पाळी साहेबांची. तुझे आजोबा ज्या कचेरीत हंगामी कारकून होते ना, तिथले साहेब. ह्यांना कायम करायचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या सहीला गेला होता.

आणि मला काय अवदसा आठवली! ह्यांची शिसपेन्सिल घेऊन चित्रातल्या बोडक्या साहेबाला मी पगडी चढवली. डाव्या भुवईवर कललेली, थेट आमच्या साहेबांची. असले उद्योग मी नेहमी करायची नि शिळ्या भाकरीच्या मऊ तुकड्याने घासून पुसून टाकायची. त्या दिवशी मासिक कोनाड्यात ठेवून भाकरी घ्यायला आत गेले, तर सासूबाईंनी गव्हाचं सूप पुढे सरकवलं. निवडून उठते तो कोनाडा रिकामा.

"मासिक?" देवळातून आलेल्या सासूबाईंना मी विचारलं.

"जाता जाता साहेबांकडे टाकलं. उशीर झाला तर नाव आपलंच व्हायचं."

ह्यांना सांगायला जीभ उचलेना. संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की ऐकत राहायची, जड आहे का हलकं.

"साहेब आज गप्प गप्प होते," दुसऱ्या दिवशी हे म्हणाले. "सारखे माझ्याकडे बघत होते."

माझ्या हातून गडवा निसटला.

"जवा दे, जाऊ दे," हे हसले, "गडवाच आहे."

मला मात्र डोळ्यांपुढे दिसत होतं, ह्यांची नोकरी सुटलीय आणि सासूबाई विचारतायत, असं झालं तरी काय?

चौथ्या दिवशी साहेबांकडून चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गेले. साहेबीणबाईंनी ओटीत भिजवलेले हरभरे घातले, त्यांच्याखाली घडी केलेला कागद. कानाशी येऊन पुटपुटल्या, "पगडी छान कललीय. मिशा राहिल्या." मग मोठ्याने सगळ्याजणींना म्हणाल्या, "या खेपेला एक पान आमच्या मांजरीने फाडलं हो!"

बायका हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"साहेबांनी पाहिलं नाही ना?" मी हळूच विचारलं.

"चित्र नाही पाहिलं. पान कुठे गेलं, ते विचारलं." एवढंच बोलून त्यांनी पदर मनगटावर ओढला. तेवढ्यात बांगड्यांखालचा काळानिळा वळ मला दिसला. चित्र मी काढलं होतं, नि मार त्यांनी खाल्ला होता. आत साहेब खाकरले. आम्ही दोघीही दचकलो.

हे महिनाअखेर कायम झाले. सासूबाईंनी पेढे वाटले. मी ते पान पेटीच्या तळाशी घातलं, आणि ह्यांना अखेरपर्यंत सांगितलं नाही. अजून कुणी जिन्यात खाकरलं की हातातलं काम थांबतं.

पेन्सिल पुसट होत चाललीय गं. माझ्या डोळ्यांना आता पगडी दिसत नाही, नुसता कागद हाताला लागतो. हे घे, तू बघून सांग, आहे का अजून. आणि आता सहा महिने लावू नकोस, येत्या रविवारीच ये, बस ने, बरं का?