पिक्चरला बोलावलं, फेटा बांधून गेले

बसा, सांगतो. पण एक अट आहे. मधे कुणी हसायचं नाही. शेवटी हसा, पोट धरून हसा, कारण माती मी स्वतःच्या हातानं खाल्लीय.

मी मूळचा वाईचा. अकरा वर्षं झाली, कडेगावात शाळेवर आहे, विज्ञान शिकवतो. लग्न केलं नाही. का केलं नाही हा वेगळा किस्सा आहे आणि त्याला चहा पुरणार नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, समोर बोळ, बोळापलीकडं आमच्या शाळेचे शिपाई शिवामामांचं घर. त्यांच्या ओसरीवरचा बल्ब माझ्या खिडकीतून दिसतो. रोज रात्री जेवताना मी त्या बल्बकडं बघत जेवतो. सवय झालीय.

आणि मला एक व्यसन आहे. तंबाखू नव्हे हो! विज्ञानपट. अंतराळातले, भविष्यातले, यंत्रमानवांचे. हार्ड डिस्कमध्ये दोनशेच्या वर आहेत. चौकटीच्या वहीत प्रत्येकाला शंभरपैकी मार्क दिलेत. मास्तर आहे मी, मार्क दिल्याशिवाय झोप येत नाही.

एकात यंत्र आहे, माणसाला फक्त सात मिनिटं मागं नेतं. गडी ते वापरून काय करतो? गेलेल्या आईबरोबर पुन्हा पुन्हा तोच चहा पितो. ब्याऐंशी मार्क. दुसऱ्यात परग्रहावरची तबकडी उतरते, अर्थात परदेशातल्या मोठ्या शहरात. आमच्याकडं कधी उतरत नाहीत. उतरलीच तर उसाच्या फडात उतरेल, आणि ऊसतोड येईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. एकाहत्तर.

आणि पहिला नंबर! नाव सांगणार नाही, तुम्ही लगेच फोनवर शोधत बसाल आणि माझं ऐकायचं राहील. एक ओसाड ग्रह. त्यावर दोन चौक्या. एकीत आपला नायक, एकटाच. दुसरी समोरच्या टेकडीवर, तिथं दिवा दिसतो. हा वर्षानुवर्षं खिडकीतून त्या दिव्याकडं बघतो, की कधीतरी तिकडून कुणी येईल. बस, एवढाच पिक्चर. सहा वेळा बघितला, सहाही वेळा रडलो. सत्त्याण्णव!

पण एकट्यानं बघण्यात एक गोची असते. पिक्चर संपतो, अंगावर काटा असतो, आपण शेजारी बघतो आणि शेजारी असते उशी. "काय होतं हे!" असं उशी म्हणत नाही. रविवारी संध्याकाळी तर लय एकटं वाटतं हो. खोटं कशाला बोलू?

म्हणून यंदा मनावर घेतलं. प्रोजेक्टर आणला. सगळ्या स्टाफला घरी बोलावून नंबर एक दाखवायचा!

पुढच्या खोलीत जागा नव्हती. पलंग आणि लाकडी कपाट वाईच्या बहिणीला हवंच होतं, टेम्पो बोलावून दिलं पाठवून. खिडक्यांना चादरी लावल्या. भिंतीवर पांढरंशुभ्र बेडशीट ताणलं. मंडपवाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या. आणि स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं, "रविवारी सायंकाळी पाच वाजता सर्वांनी माझ्या घरी अवश्य यावे. अकरा वर्षांत बोलावणे झाले नाही, क्षमस्व."

पिक्चरचं मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं, लिहिलं तर कोण येणार? आधी माणसं घरात येऊ देत, मग दार लावून दाखवू.

इथंच चुकलं! कसं ते ऐका.

आमच्या संस्थेच्या शाळा चार तालुक्यांत, आणि शाळा उघडायच्या आधी बदल्यांचा हंगाम. टेम्पो भरताना शिवामामांनी बघितला. अकरा वर्षांत कुणाला पाणी न विचारलेला माणूस पलंग-कपाट टेम्पोत घालतो आणि सगळ्या स्टाफला घरी बोलावतो, क्षमा मागतो. तुम्ही काय समजला असता? तेच ते समजले, सरांची बदली झाली! आणि स्टाफभर सांगून मोकळे.

ग्रुपवर धडाधड हात जोडलेले. "नक्की सर!" भोसलेबाईंनी तर रडणारा चेहरा टाकला. मला वाटलं, बाईंना आनंदाश्रू आले. बघा माझी अक्कल!

रविवारी पाचला सगळेच्या सगळे हजर. मला भरून आलं. खुर्च्या कमी पडल्या! शिवामामा आत आले, हातात थर्माकोलची अक्षरं. सरळ माझ्या पडद्यापाशी गेले आणि टाचण्या मारायला लागले.

"मामा, मामा! पडद्याला भोकं पडतील!"

"पडूंद्या की सर. आता कशाला लागतोय तुमास्नी?"

मी पुढं होणार, तेवढ्यात मुख्याध्यापक मोहितेसरांनी मला खुर्चीत बसवलं आणि एकजण माझ्या डोक्याला फेटा बांधायला लागला. तुम्हाला कधी फेटा बांधलाय? मान हलवायची सोय नाही. ओढाताणीत कापड तोंडावरून गेलं, तोंड उघडलं की फेटाच दातात. आणि समोर बेडशीटवर एकेक अक्षर चढतंय. नि. रो. प.

निरोपसमारंभ! आणि तो माझाच!

मोहितेसर बोलायला उभे राहिले. "सरांनी अकरा वर्षांत कुणाला त्रास दिला नाही." थांबले. पाणी प्यायले. "कधी वाद घातला नाही. कधी... कुठल्या फोटोत सुद्धा मधे आले नाहीत." टाळ्या. त्यांना पुढं काही आठवेना. आठवणार काय? मी काही केलंच नव्हतं!

मग भोसलेबाई उठल्या. म्हणाल्या, "सरांच्या डब्यात रोज बटाट्याची भाजी असते. कितीदा वाटलं, आपल्यातली वाटीभर द्यावी. पण सर खिडकीकडं तोंड करून जेवतात. मला वाटायचं, त्यांना आवडायचं नाही." आणि खाली बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, फेटा बांधून झाला होता, तोंड मोकळं होतं, मग सांगायचं की! अहो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कुणीतरी बोलत होतं. मला ते थांबवावंसं वाटेना. चोरासारखा बसून ऐकत राहिलो.

शाल झाली, नारळ झाला. "सर, दोन शब्द."

उभा राहिलो. म्हटलं, आता खरं सांगून टाकायचं. आणि तोंडातून काय निघालं? "कडेगाव सोडताना मला फार जड जातंय."

"कुठं मिळाली बदली, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"वाईला."

"आयला, सोताच्या गावातच! नशीबवान हाय गड्या!"

भडंग खाल्ला, चहा घेतला, सातच्या आत सगळे गेले. मी फेट्यासकट वीस रिकाम्या खुर्च्यांत बसलो होतो. प्रोजेक्टर टेबलावर तसाच, त्याला कुणी हात लावला नव्हता.

सोमवारी शाळा उघडली. आता जायचं कसं? गेलो. स्टाफरूममध्ये पाय ठेवला आणि सगळे भूत बघितल्यासारखे माझ्याकडं बघायला लागले.

"सर, काही राहिलं होतं का?" मोहितेसर म्हणाले.

"मीच राहिलोय सर," म्हटलं. आणि सगळं सांगून टाकलं. टेम्पो, बेडशीट, पिक्चर, सगळं. मग जो हशा पिकला! मोहितेसरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आवं मग सांगायचं की पिक्चर हाय म्हणून! येत्या रविवारी येतो सगळे!" मागच्या बाकावरून एकजण ओरडला.

"नक्की?"

"शब्द!"

पुन्हा रविवार. पुन्हा वीस खुर्च्या. सव्वापाच, साडेपाच. एकाकडं साखरपुडा, एकाचे पाहुणे, मोहितेसर इस्लामपूरला मिटिंगला. भोसलेबाईंनी निदान वाटीभर मटकीची उसळ पाठवली. बदली नसलेल्या माणसाकडं कोण येतंय हो?

सहाला शिवामामा आले. कागदात भडंग घेऊन.

म्हटलं, एक तर एक. पिक्चर लावला. मामा दर पाच मिनिटांनी विचारणार. "ह्यो जेवतो काय?" गोळ्या खातो, मामा. "कपडे कोण धुतंय?" मामा, बघा की! पडद्याला टाचण्यांची भोकं पडलेली, त्यामुळं नायकाच्या कपाळावर देवी आल्यासारखं दिसत होतं. पण अर्धा पिक्चर झाल्यावर मामा गप्प झाले. पार शेवटपर्यंत गप्प.

संपला. मी डोळे पुसले आणि इतक्या वर्षांचं मनातलं केलं. शेजारी बघितलं.

मामा पडद्याकडंच बघत होते. म्हणाले, "सर, समोर दिवा दिसतोय न्हवं त्येला?"

"दिसतोय."

"रोज?"

"रोज."

"मग उठून जायाचं की! येडं हाय का काय? समोरच्याला काय सपान पडतंय, हितं कोन बसलंय त्ये?"

मी शिकवायला लागलो. "मामा, तिथं हवा नसते, वादळं असतात, ऑक्सिजन पुरत नाही..."

"व्हय व्हय," मामा उठत म्हणाले. "तुमच्या बी खिडकीत अकरा वर्सं उजेड दिसतोय मला. मी आपला म्हनायचो, सर अब्यासात असत्याल, कशाला तरास द्या. बोळात हवा तर हाय की वो!"

आणि चपला घालून गेले. बारा पावलं. मी मोजली.

वही काढली. सत्त्याण्णव खोडले आणि पस्तीस केले. काठावर पास. प्रगतिपुस्तकात लिहितो तसा शेरा मारला: 'हुशार आहे, पण जागचा हलत नाही.'

शेरा नायकाला आहे, बरं का. माझ्याकडं बघून काय हसताय?